बाहेकर मॅडमचा चुंबक

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष माननीय अविनाशराव शेळके साहेब; व्यासपीठावर विराजमान असलेले आपले माजी प्राचार्य आदरणीय वामनराव पडघान सर; ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो, त्या आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती प्राध्यापक डॉक्टर रेवती बाहेकर मॅडम; तीनतीनदा विनंती करूनही व्यासपीठावर न येता पहिल्या रांगेतच बसून राहिलेले मॅडमचे यजमान रमाकांतराव; माझे सहकारी प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरगावाहून सुट्टी टाकून आलेले माजी विद्यार्थी; आणि मागे दाराशी उभं राहून, या बाई किती वेळ बोलणार याचा अंदाज घेणाऱ्या माझ्या बीएस्सीच्या मुलामुलींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘मॅडमची लाडकी विद्यार्थिनी’ असं म्हटलं. त्यांचे आभार. पण त्यात एक दुरुस्ती करते. मी पुष्पांजली, मॅडमच्या हाताखाली पीएचडीला आलेली पहिली विद्यार्थिनी. लाडकी होते की नाही, हे मला खरोखरच ठाऊक नाही. मॅडमनी ते कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी मॅडमच्या शिस्तीबद्दल सांगितलं, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षराबद्दल सांगितलं. स्टाफ रूममध्ये त्या आणत त्या तिळाच्या चटणीचासुद्धा उल्लेख झाला. ते सगळं खरं आहे. चटणी तर फारच खरी आहे. पण त्या चुंबकाचा विषय मात्र कुणीच काढला नाही. निरोपाच्या दिवशी असले विषय काढू नयेत, असं आपण मानतो. मीही बसमधून येताना तेच ठरवलं होतं. पण तो विषय गाळून मॅडमबद्दल मी दुसरं काय बोलू? माझ्याजवळ तेवढाच तर आहे. तेव्हा अध्यक्ष महोदय, आपली परवानगी आहे असं गृहीत धरते.

मी उंद्रीची. आमची शेती आहे, बरी आहे. बाबा, म्हणजे भगवानराव, सोयाबीन आणि हरभरा घेतात. एमएस्सी झाल्यावर मी मॅडमकडे पीएचडीला नाव नोंदवलं, तेव्हा बाबांनी विचारलं, ‘‘काय करशीन वं तिथं?’’

मी म्हटलं, ‘‘मँगनीजचा चुंबक करायचा आहे.’’

‘‘मँगनीज? ते त आपण सोयाबीनवर फवारतो. पानं पिवळी पडली का मारतो. त्याचा कसा काय चुंबक होईन?’’

बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा थोड्याफार फरकानं तोच प्रश्न विचारत होत्या. कला शाखेच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते, रसायनशास्त्राच्या लोकांनी तेवढा वेळ चहाचा विचार करावा. लोखंडाच्या चुंबकात अगणित अणू एकमेकांना धरून एका दिशेनं उभे असतात. तो चुंबक फोडत गेलो, लहान लहान करत गेलो, तर एका टप्प्यावर त्याचं चुंबकपण टिकत नाही. मग प्रश्न असा, की एकच रेणू घेतला, त्यात धातूचे मोजके आयन ऑक्सिजनच्या पुलांनी एकमेकांशी बांधले, तर तो एकटा रेणू चुंबक होऊ शकेल का? मँगनीजचा प्रत्येक आयन हा स्वतःच एक बारीक चुंबक असतो. पुंजक्यात बांधल्यावर काही आयन इकडे तोंड करतात, काही तिकडे. दोन्हींची वजाबाकी होऊन जे उरतं, ते त्या रेणूचं चुंबकत्व. असे रेणू जगात सापडले होते. पण ते चुंबकासारखे वागत फक्त भयंकर थंडीत, द्रवरूप हेलियममध्ये बुडवल्यावर. जरा ऊब मिळाली की त्यांची दिशा डळमळली. जास्त तापमानाला दिशा धरून ठेवणारा रेणू कोण करतो, याची शर्यत होती. आणि त्या शर्यतीत चिखलीतलं एक कॉलेज उतरलं होतं, जिथे स्फटिक वाळवायच्या डेसिकेटरचा व्हॅक्यूम पंप वर्षभर नादुरुस्त होता.

अध्यक्ष महोदय, ही तक्रार नव्हे. पंप पुढे दुरुस्त झाला.

पण तेव्हा तो बंद होता, आणि म्हणून मॅडमनी सांगितलं, की स्फटिक गाळून झाले की खिडकीपाशी, कोरड्या वाऱ्यात वाळवायचे. आमचे स्फटिक गर्द तपकिरी, जवळजवळ काळे. गाळण कागदावर ते पसरायचे, वर काचेची वाटी उपडी घालायची, खाली थोडी फट ठेवायची. त्या उन्हाळ्यात कॉलेजसमोरचा रस्ता रुंद होत होता. त्यासाठी काळा दगड फोडणारं क्रशर मैदानापलीकडेच बसवलं होतं. दिवसभर त्याचा घरघराट असायचा. आम्ही लेक्चर जरा मोठ्यानं घेत होतो. क्रशरबद्दल आमचा विचार तिथेच संपत होता.

नमुना मोजण्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेत पाठवला. आपल्याकडे तसं यंत्र नव्हतं, आजही नाही. मग एका सकाळी तिथल्या शास्त्रज्ञांचा मॅडमला फोन आला. मी बाजूलाच चंचुपात्रं धूत होते. मॅडम फोनवर फक्त ‘‘हो… हो… पुन्हा सांगा’’ एवढंच म्हणत होत्या. फोन ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

‘‘पुष्पांजली, आपला रेणू खोलीच्या तापमानाला चुंबक आहे म्हणतात.’’

चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं आणि मग उलट फिरवलं, की चुंबकाचा आलेख आल्या वाटेनं परत येत नाही. तो दुसऱ्या वाटेनं येतो आणि मध्ये एक उघडा वळसा राहतो. तो वळसा म्हणजे चुंबकाची खूण. आमच्या नमुन्याचा वळसा हेलियमच्या थंडीत उघडा होता, आणि साध्या खोलीच्या तापमानालाही उघडाच होता. जगात कुणाचाच असा नव्हता.

मॅडमनी लगेच विश्वास ठेवला नाही, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. त्याच बाटलीतला नमुना पुन्हा पाठवला. पुन्हा तेच आलं. आमचा शोधनिबंध परदेशी जर्नलकडे गेला, तेव्हा परीक्षकांनी विचारलं, यात लोखंड मिसळलेलं तर नाही? आम्ही लोखंडाची तपासणी करून घेतली. जे काही असेल ते त्या उपकरणाला दिसण्याइतकं नव्हतं. आम्ही तसं कळवलं, निबंध छापून आला.

पुढचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पेपरात बातमी आली, ‘चिखलीत तयार झाला जगातला सर्वांत लहान चुंबक’. उंद्रीत शाळेच्या मैदानावर माझा सत्कार झाला. बाबांनी फेटा बांधला होता, आणि जो भेटेल त्याला ते सांगत होते, ‘‘आपल्या फवाऱ्यातलंच मँगनीज हाय, पण पोरीनं त्याले चुंबक बनवलं.’’ याच सभागृहात, याच व्यासपीठावर, पडघान सरांच्या हस्ते मॅडमना आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. सर, तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता, की या कॉलेजच्या इतिहासात असा दिवस आला नाही. टाळ्या फार वाजल्या होत्या.

माझा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पूर्णवेळ जागेची जाहिरात निघाली, माझी मुलाखत झाली, आणि तिथल्या प्राचार्यांनी खासगीत सांगितलं, की व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होऊन पीएचडीची अधिसूचना तेवढी आणा, जागा तुमचीच आहे. व्हायवाची तारीख ठरली. त्याच सुमारास आपल्या कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर आमच्या निबंधाचा फोटो होता.

मग पावसाळा आला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं नमुना मागितला, म्हणून मॅडमनी आणि मी स्फटिकांची नवी खेप केली. क्रशर पावसानं बंद होतं, खिडक्याही बंद होत्या. बाहेर पाठवण्याआधी मॅडमनी खेप त्या संस्थेत तपासायला दिली. आलेख आला. खोलीच्या तापमानाला वळसा नव्हताच. सरळ रेषा.

मी म्हटलं, खेप बिघडली असेल. मॅडम म्हणाल्या, असेल. आम्ही पुन्हा केली. पुन्हा सरळ रेषा आली. त्यानंतर मॅडम माझ्याशी बोलेनाशा झाल्या. रागानं नव्हे. वर्ग घ्यायच्या, प्रॅक्टिकल घ्यायच्या आणि प्रयोगशाळेत येऊन नुसत्या खिडकीकडे बघत बसायच्या. मला वाटलं, घरी काही असेल.

एका दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. त्यांच्याजवळ जुन्या लाउडस्पीकरमधला चुंबक होता. त्यांनी पांढऱ्या कागदावर उन्हाळ्यातल्या खेपेची पूड पसरली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. पूड जागची हलली नाही. पण त्या पुडीतून काही बारीक काळे कण उठून उभे राहिले आणि चुंबकामागे चालायला लागले.

आपल्याकडे कोणतं मूल हे खेळलेलं नाही? दोरीला चुंबक बांधून मातीतून ओढायचा आणि त्याला फुटलेले काळे केस बघत बसायचं. आपला काळा दगड असाच आहे, त्यात चुंबकाला चिकटणारं खनिज असतं. मॅडमनी मग खिडकीच्या चौकटीतली धूळ दुसऱ्या कागदावर घेतली आणि खालून चुंबक फिरवला. तेच कण, तसेच उभे राहिले. इतके थोडे, की तपासणीत दिसू नयेत. पण वळसा उघडायला तेवढे पुरे होते. आमच्या काळ्या स्फटिकांत ती काळी धूळ डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

‘‘हा आपला रेणू नाही, पुष्पांजली,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘हा दगड आहे.’’

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, ‘‘मॅडम, माझी व्हायवा होऊ द्या. मग काय ते करू.’’

मॅडम कागद घडी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘पत्रं गेली. जर्नलला कळवलं, निबंध मागे घेतो म्हणून. विद्यापीठालाही कळवलं. काल संध्याकाळी.’’

‘‘मला न विचारता?’’

‘‘चूक माझी आहे असं लिहिलंय. वाळवायची पद्धत मी सांगितली होती. तुझ्यावर काही येणार नाही.’’

‘‘मॅडम, मला न विचारता?’’

त्यांनी घडी केलेला कागद कपाटात ठेवला. मी पिशवी उचलून निघून आले. पाऊस नव्हता, रडूही नव्हतं. बसस्टँडवर उंद्रीच्या दोन गाड्या गेल्या, तरी मी बसूनच होते.

तुझ्यावर काही येणार नाही, असं म्हणणं सोपं असतं. व्हायवा स्थगित झाली. प्रबंधातली मुख्य प्रकरणं गेली म्हणजे प्रबंध गेला. ती जागा दुसऱ्याला मिळाली, आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नाही. पुढे प्राध्यापक भरतीच थांबली. किती वर्षं, ते इथे बसलेल्या माझ्या तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना विचारा. मीही आज तासिका तत्त्वावरच शिकवते. दर जूनमध्ये नवी मुलाखत देते, याच खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना.

पडघान सर, त्या वेळी तुम्ही मॅडमना केबिनमध्ये बोलावलं होतं. मी बाहेर बाकावर होते. दार उघडंच होतं. तुम्ही ओरडला नाहीत, हे मला आठवतं. तुम्ही म्हणालात, ‘‘मॅडम, खोटं बोला असं मी सांगतच नाही. समिती जाईपर्यंत थांबा, एवढंच म्हणतो. सत्य काय दोन महिन्यांनी सत्य राहणार नाही काय?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, पत्रं गेलीत.’’ सर, मी त्या दिवशी मनातून तुमच्या बाजूची होते. आज ते तुम्हाला सांगून टाकते. तुमचं बोलणं मला अजूनही अगदी चूक वाटत नाही.

मग बाबा आले. मी नको म्हणत होते. त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि थेट प्रयोगशाळेच्या दारात आणून उभं केलं. आयुष्यात ते पहिल्यांदाच या इमारतीत येत होते. मॅडमनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

‘‘मॅडम, मले एक सांगा. माही पोरगी खोटं बोलली काय?’’

‘‘नाही.’’

‘‘तुम्ही खोटं बोलल्या काय?’’

‘‘नाही, भगवानराव.’’

‘‘कोणी कोणाले फसवलं काय?’’

‘‘नाही. चूक झाली. धूळ गेली त्यात.’’

‘‘धूळ गेली,’’ बाबा म्हणाले. ‘‘धूळ त आमच्या सगळ्याच वस्तूत जाते जी. भाकरीत जाते. मंग शिक्षा काऊन हिलेच?’’

मॅडमनी खुर्ची परत टेबलाशी सरकवली. मग म्हणाल्या, ‘‘ते मला सांगता येत नाही.’’

बाबांना वाटलं होतं, शिकलेली बाई आहे, काहीतरी कारण देईल. त्या कारणाशी भांडायची त्यांनी तयारी केली होती. कारणच मिळालं नाही. ते हात जोडून बाहेर आले.  त्यानंतर गावात कुणी चुंबकाचं विचारलं, की ते म्हणत, ‘‘काम चालू हाय.’’ काम चालू नव्हतं. मी घरी होते.

हिवाळ्यात मॅडम उंद्रीला आल्या. बसनं, एकट्या. मी आतल्या खोलीत होते आणि बाहेर आले नाही. आई, आशाबाई, तिनं चहा केला. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

‘‘तिला म्हणावं, रेणू खरा आहे की नाही ते अजून कुठं कळलंय आपल्याला,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘बाई, तिले आता त्याचं नाव बी नको वाटते,’’ आई म्हणाली. ‘‘रोज आरशासमोर बसते नं नुसतीच बसून राह्यते. तुम्ही काऊन आल्या जी इतक्या दूर?’’

‘‘मला यावंसं वाटलं.’’

‘‘मंग थोडं आधी यायचं होतं.’’

मॅडम हो म्हणाल्या. चहा संपवून गेल्या. नंतर पुन्हा आल्या, तेव्हाही मी बाहेर आले नाही.

मग मी परत का गेले? माझ्या विद्यार्थ्यांना वाटत असेल, मॅडमनी माझी समजूत घातली वगैरे मी आता सांगेन. तसं काही झालं नाही. मला राग होता आणि तो राग मी जपून ठेवला होता. पण आतल्या खोलीत बसून बसून मला एकच गोष्ट छळायला लागली. दगडाची धूळ काढून टाकली, तर त्या रेणूत स्वतःचं काही आहे का? सरळ रेषा आली ती खोलीच्या तापमानाला; त्या खेपा थंडीत मोजल्याच नव्हत्या. हेलियमच्या थंडीतला वळसा कुणाचा होता? धुळीचा, की रेणूचा? जगात तो रेणू आम्ही दोघींनीच केला होता. आम्ही सांगितलं नाही, तर कुणीच सांगणार नव्हतं. मी मॅडमसाठी गेले नाही. त्या प्रश्नासाठी गेले.

मॅडमनी मला बघून ‘‘ये’’ म्हटलं. बस, एवढंच. स्टीलचे चमचे बाजूला ठेवून प्लास्टिकचे आणले. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. पंप दुरुस्त होऊन आला होता. स्फटिक बंद पेटीत, नायट्रोजनमध्ये वाळवले. त्या काळात आम्ही दोघी फक्त कामाचं बोलायचो. ‘‘पीएच बघ.’’ ‘‘बघितला.’’ ‘‘गाळ.’’ ‘‘गाळलं.’’ डबासुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर खायचो. ते दिवस फार अवघड होते. माझ्यासाठी होते. मॅडमसाठीही असतील, मी कधी विचारलं नाही.

निकाल आला. हेलियमच्या थंडीत वळसा होता. अरुंद होता, पण उघडा होता आणि तो रेणूचाच होता. जरा ऊब दिली की मिटत होता, जसा जगातल्या इतर रेणूंचा मिटतो. म्हणजे आमचा रेणू चुंबक होता, पण इतर चारचौघांसारखा. त्यावर छोटा निबंध आला. माझी पीएचडी झाली. पेपरात काही आलं नाही. बाबांना मी सांगितलं, ‘‘झालं बाबा. पण थंडीतच होते तो चुंबक.’’ बाबा म्हणाले, ‘‘पण आपलाच हाय ना?’’ मी म्हटलं, ‘‘हाव.’’

मला आनंद झाला का? झाला. त्यानं गेलेलं भरून निघालं का? नाही. दोन्ही सांगते, कारण दोन्ही खरं आहे, आणि निरोपाच्या भाषणात फक्त पहिलंच सांगायची पद्धत आहे.

आता एक गोष्ट, जी मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हती. या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला मी मॅडमच्या घरी गेले होते. मॅडम बाहेर गेल्या होत्या. रमाकांतरावांनी पाणी दिलं. पत्रिका वाचून ते म्हणाले, ‘‘इथे सहयोगी प्राध्यापक छापलंय, बरोबर आहे.’’ मी म्हटलं, मॅडमची प्रोफेसरपदाची बढती कधी झाली नाही का? ते म्हणाले, तो प्रस्ताव त्याच पावसाळ्यात गेला होता. निबंध मागे घेतल्यावर परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. मग त्यांनी पाठवणं सोडलं. रमाकांतराव, हे सांगितल्याबद्दल तुम्ही मॅडमची बोलणी खाल्ली असतील, तर मला क्षमा करा. पण मला ते कळायला हवं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या पत्रांची किंमत मी एकटीनंच दिली.

हे कळल्यावर माझा राग गेला असं झालं नाही. उलट अधिक अवघड झालं. ज्या बाईंनी स्वतःचं एवढं घालवलं, त्यांनी मला एका शब्दानं विचारलं असतं तर? माझा प्रबंध होता. माझं नाव होतं. माझ्या गावात फेटे बांधले गेले होते. पत्र पाठवू की नको, असं विचारायचं नव्हतं. पत्र पाठवायचंच होतं, हे आज मी माझ्या मुलांना वर्गात सांगते, आणि मनापासून सांगते. पण पाठवायच्या आधी, त्या संध्याकाळी, फक्त बोलावून सांगायचं होतं. मी काही परकी नव्हते.

मॅडम, हे मी तुम्हाला त्या दिवशी दोनदा विचारलं होतं आणि नंतर कधीच नाही. आज सगळ्यांसमोर विचारते. राग मानू नका. उद्यापासून तुम्ही या इमारतीत नसाल, मग मी कुठं विचारू? तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?

…नाही, मॅडम, उठू नका. बसूनच सांगा.

…मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल. माइक इकडे आहे. मॅडम म्हणाल्या, ‘‘तू थांबा म्हणाली असतीस, तर मी थांबले असते.’’

हे मी आज पहिल्यांदा ऐकते आहे.

मला वाटायचं, मॅडम फार कणखर आहेत. त्यांना कुणाचं ऐकायचं नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं नाही. आम्ही सगळे तसंच समजत आलो. पडघान सर, तुम्हीही मान हलवताय. आणि मी थांबा म्हणाले असते का? म्हणालेच असते. शंकाच नाही. हात जोडून म्हणाले असते. बाबांना घेऊन आले असते. व्हायवा झाली असती, जागा मिळाली असती. मग समिती आली असती, आणि मग पुन्हा काहीतरी आलं असतं, आणि ते पत्र तसंच पडून राहिलं असतं. मॅडम, मला थोडा वेळ द्या. तुम्हालाही आता वेळ आहे.

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे आपण केव्हापासून बघताय, ते माझ्या लक्षात आहे. मला या व्यासपीठावर बोलू दिल्याबद्दल संस्थेची मी ऋणी आहे. पडघान सर, तुमच्याबद्दलचं तुमच्यासमोर सांगितलं आणि तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुमचे आभार. रमाकांतराव, तुमचे आभार मानण्यापेक्षा मी घरी येऊन जाईन. मुलांनो, तुम्ही दाराशी इतका वेळ उभे राहिलात, तुमचेही आभार.

मॅडम, तुम्हाला आरोग्य लाभो, असं म्हणते. बाकीचं आज म्हणता येत नाही.

निरोपाच्या दिवशी जे बोलायचं नसतं, ते मी बोलले. त्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे आवाज चढला असेल, कुणाचं नाव घ्यायचं चुकलं असेल, तर मोठ्या मनानं ते पोटात घाला, एवढी विनंती करून मी खाली बसते.